तब्येतीच्या प्रश्नावलीचं स्कोअरिंग करताय? या चुका टाळा

पेशंटनं स्वतः सांगितलेल्या तब्येतीचे फॉर्म, म्हणजे एसएफ-३६, डब्ल्यूएचओक्वॉल-ब्रेफ, ईक्यू-५डी वगैरे, यात घोळ होतो तो स्टॅटिस्टिक्सची टेस्ट निवडताना कमी अन् स्कोअर काढताना जास्त. आणि एक्सेल काय, एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर काय, उलटसुलट आकडे टाकले तरी एरर देत नाही, मस्तपैकी पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासायचा आकडा) काढून हातात देते. म्हणून नागपूरच्या मेडिकल चौकात फॉर्मच्या झेरॉक्स मारायच्या आधीच हे वाचून घ्या.

सगळ्यात कॉमन लोचा उलट्या प्रश्नांचा, म्हणजे ज्यात मोठा आकडा म्हणजे वाईट तब्येत. ब्रेफमधे २६ प्रश्न, त्यातले ३, ४ आणि २६ नंबरचे उलटे, म्हणजे उत्तर ६ मधून वजा करायचं अन् मगच पुढं जायचं. एसएफ-३६ च्या नवव्या प्रश्नात तर नऊ उपप्रश्न आहेत, उत्साह वाटतो का अन् थकवा वाटतो का हे एकाच तक्त्यात, आणि पोरं सरळ बेरीज मारून मोकळी होतात. शंका आली की क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा, तो एकदम पडलेला दिसला तर प्रत्येक प्रश्नाचं बाकीच्यांशी कोरिलेशन बघा, जो मायनसमधे आहे तो बहुतेक उलटवायचा राहिला. किंवा दोनदा उलटवला गेला, एकदा डेटा एन्ट्रीवाल्यानं अन् एकदा तुम्ही, हे पण होऊन राहिलंय बरं का. मूळ कॉलमला हात लावू नका, उलटवलेला आकडा नव्या कॉलममधे टाका.

रिकाम्या जागेत शून्य भरू नका, अन् न दिलेल्या उत्तराला ९९ कोड दिला असेल तर सरासरीच्या आधी तो काढा. ब्रेफचा २१ नंबरचा प्रश्न लैंगिक जीवनाबद्दल आहे, आता कामठीवरून आलेल्या साठीच्या काकू, बाजूला सून बसलेली, त्या कशाला उत्तर देतील? सोशल डोमेनमधे (डोमेन म्हणजे एका विषयाच्या प्रश्नांचा गट) प्रश्नच तीन, एक रिकामा असेल तर उरलेल्या दोघांची सरासरी चालते, दोन रिकामे असतील तर तो डोमेन काढायचाच नाही. बाकी डोमेनमधे दोनपर्यंत सूट आहे, अन् अख्ख्या फॉर्मचा २० टक्क्यांहून जास्त भाग कोरा असेल तर फॉर्मच बाजूला. पण निम्म्या लोकांनी २१ सोडला असेल तर माझ्या मते ते थिसिसमधे स्पष्ट लिहा, नियमात बसतं म्हणून दाबून टाकू नका.

ईक्यू-५डीचं २११११ म्हणजे एकवीस हजार नाही भाऊ, तो पाच प्रश्नांच्या उत्तरांचा कोड आहे, १ म्हणजे काहीच त्रास नाही. त्याची बेरीज पण करू नका, कारण २११११ अन् ११११२ दोघांची बेरीज ६ च, पण पहिल्याला चालायचा थोडा त्रास अन् दुसऱ्याला थोडी चिंता. पाच लेव्हलच्या फॉर्मात असे ३१२५ कोड होतात अन् प्रत्येकाची किंमत व्हॅल्यू सेटमधून (त्या देशासाठी ठरवलेल्या किमतींच्या तक्त्यातून) घ्यायची. भारताचा स्वतःचा सेट २०२२ मधे आलाय, चंदीगडच्या पीजीआय या मेडिकल संस्थेनं केलेला, तरी लोक इंग्लंडचाच लावून राहिले, काऊन ते देव जाणे. भारताच्या सेटमधे ५५५५५ ची किंमत उणे ०.९२३ आहे, म्हणजे मरणापेक्षा वाईट अवस्था, ती टायपिंगची चूक समजून डिलीट करू नका.

एसएफ-३६ चा फिजिकल समरी स्कोअर, म्हणजे आठ स्केलवरून काढलेला शारीरिक तब्येतीचा एकच आकडा, एकटा वाचू नका. जुन्या, नेहमीच्या पद्धतीत त्याच्या गणितात मानसिक आरोग्याच्या स्केलला मायनस वजन आहे, त्यामुळं पेशंट डिप्रेशनमधे गेला तर चालणंफिरणं तेवढंच राहूनही हा स्कोअर वर सरकतो अन् तुम्ही लिहिता की फिजिओथेरपीनं फायदा झाला! आधी आठही स्केल वेगवेगळे मांडा, मग समरी.

अन् हो, एसएफ-३६ मधे बरेच प्रश्न मागच्या ४ आठवड्यांबद्दल असतात. पहिला फॉर्म जानेवारीत अन् दुसरा मे महिन्यात भरून घेतला तर ४५ डिग्रीत नागपुरात कोणाच्या अंगात उत्साह राहतो, सांगा. कंट्रोल ग्रुपचे (तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे) फॉर्म पण त्याच महिन्यांत भरून घ्या.