मोठे ब्रेक, चाक मात्र जुनंच: माझा अनुभव

सिंहगड उतरताना कारचे ब्रेक तापून पेडल मऊ पडायचं, म्हणून पुढच्या चाकांना मोठी डिस्क आणि मोठं कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने दाबून धरणारा ब्रेकचा भाग) घ्यायचं ठरवलं. नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, "साहेब, पंधरा इंची रिममध्ये आरामात बसतं." नुसत्या इंचावर जाऊ नका. एकाच मापाच्या दोन अलॉय चाकांमध्ये आतली जागा वेगळी निघते.

कॅलिपरचा १:१ नकाशा पुठ्ठ्यावर कापला आणि चाक उलटं ठेवून, हबला (चाक ज्यावर आवळतात त्या भागाला) टेकणाऱ्या तोंडापासून आत फिरवला. रिमच्या गोलाईला जागा होती, स्पोकला मात्र पुठ्ठा जेमतेम सुटत होता. जोडणी झाल्यावर कॅलिपरवर पोरांची खेळायची माती चिकटवली, चाक आवळून हाताने फिरवलं. स्पोकखाली दबलेली माती २ मिमी जाड भरली, म्हणजे फट तेवढीच. मला किमान ३ हवे होते. मग हब आणि चाकामध्ये ५ मिमीचा हबसेंट्रिक स्पेसर (चाक हबवर मधोमध बसवणारी चकती) टाकला, बोल्टही तेवढे लांब घेतले.

हे नवे पॅड घालूनच बघा. फ्लोटिंग, म्हणजे आत-बाहेर सरकणारं कॅलिपर तेव्हा स्पोकच्या सगळ्यात जवळ असतं, पॅड झिजतात तसं आत सरकतं. बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनंही घासू शकतात.

आणि स्टेपनी! लोखंडी स्टेपनी आता पुढे बसतच नाही. पुढे पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे, स्टेपनी मागे.