भिरंडाच्या अर्काची मेदपेशींवर चाचणी : पेशी घडणे आणि पेशी भरणे यांतील फरक कसा ओळखावा

गोव्यातील महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाचा प्रकल्प करताना स्थानिक वनस्पती घ्यायची ठरली की भिरंड, म्हणजेच कोकम, सहज सुचते. त्याच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आणि गार्सिनॉल असल्यामुळे, हा अर्क मेदपेशी तयार होण्यात अडथळा आणतो का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मात्र शेवटी पेशींतील मेदाला चढवलेला रंग फिका दिसला म्हणून ‘मेदपेशी कमी झाल्या’ असे लिहिता येत नाही. पूर्वपेशी (मेदपेशी होण्याआधीची पेशी) मेदपेशी झालीच नाही, झाली पण तिच्यात मेद साठला नाही, किंवा ती मेली, या तिन्ही शक्यतांत रंग फिकाच दिसतो. त्यामुळे त्यांना वेगळे करण्याची योजना प्रयोगाच्या आरंभीच ठरवावी लागते.

यासाठी ३टी३-एल१ ही उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेली पेशीमालिका घ्यावी. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७०च्या दशकात मेदपेशींच्या अभ्यासासाठी उपलब्ध करून दिली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या पेशीभांडारातून पेशी आणल्यास पोचल्याबरोबर फ्लास्क उघडू नये; तो काही तास ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये स्थिर ठेवावा आणि मगच माध्यम बदलावे. वाढीच्या काळात डीएमईएम या पोषक माध्यमात १० टक्के काफ सीरम (वासराच्या रक्तातील द्रव) वापरावे आणि तळ पूर्ण भरण्याआधीच, साधारण ६० ते ७० टक्के व्यापला असताना, पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटाव्यात. पुन्हा पुन्हा दाटीत राहिलेल्या पेशी मेदपेशी होण्याची क्षमता गमावतात आणि ती परत मिळत नाही, म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांचा साठा द्रव नायट्रोजनमध्ये अवश्य राखून ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडील दमट हवेमुळे बुरशीचा धोका वाढतो. इन्क्युबेटरमधील पाण्याचे भांडे वारंवार स्वच्छ करावे आणि वीज गेल्यावर तापमान किती उतरले याची नोंद ठेवावी, कारण ती नोंद नसेल तर बिघडलेल्या प्लेटचा दोष अर्काला दिला जातो.

प्लेटचा तळ पूर्ण भरल्यावर दोन दिवस थांबावे. हे थांबणे अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो, पण त्याच काळात पेशींचे विभाजन थांबते आणि पुढच्या संकेताला त्या सर्व जवळपास एकत्र प्रतिसाद देऊ शकतात. त्यानंतरचा दिवस शून्य मानून १० टक्के फीटल बोवाइन सीरम (गाईच्या गर्भाच्या रक्तातील द्रव) असलेल्या माध्यमात ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स, १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन आणि प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन घालावे. आयबीएमएक्स पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे विघटन रोखते. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत (संकेत ग्रहण करणाऱ्या प्रथिनामार्फत) कार्य करते. आणि इतक्या मोठ्या मात्रेतील इन्सुलिन आयजीएफ-१ या इन्सुलिनसदृश वाढ-घटकाच्या रिसेप्टरलाही चालना देते. या संकेतांनी काही तासांतच सीईबीपी-बीटा आणि सीईबीपी-डेल्टा ही जनुके चालू-बंद करणारी प्रथिने वाढतात, पेशी एक-दोन वेळा पुन्हा विभागतात, आणि मग पीपीएआर-गॅमा व सीईबीपी-अल्फा ही जोडी प्रकट होते. हे दोघे एकमेकांचे प्रमाण टिकवून धरतात आणि मेदपेशीची बहुतेक जनुके चालू करतात. १९९४ साली ब्रूस स्पिगलमन यांच्या गटाने दाखवले की एकट्या पीपीएआर-गॅमामुळेही फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) मेदपेशीकडे वळतात. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली पीपीएआर-गॅमाच आहे.

दोन दिवसांनी फक्त इन्सुलिन असलेले माध्यम द्यावे, आणखी दोन दिवसांनी साध्या सीरमयुक्त माध्यमावर यावे. चौथ्या दिवसापासून पेशींत मेदाचे थेंब दिसू लागतात आणि आठव्या दिवसापर्यंत पेशी चांगल्या भरतात. भरलेल्या पेशी सहज सुटून वर येतात, म्हणून माध्यम बदलताना पिपेट प्लेटच्या कडेला टेकवूनच हलवावी.

अर्क देण्यासाठी तीन गट करावेत : एकाला शून्य ते दुसरा दिवस, दुसऱ्याला चौथा ते आठवा दिवस, तिसऱ्याला संपूर्ण काळ. भिरंडाचा अर्क आम्लधर्मी असल्यामुळे त्याचा सामू माध्यमाएवढा करून तो गाळून निर्जंतुक करावा, अन्यथा परिणाम केवळ आम्लाचा असू शकतो. ज्या द्रावकात अर्क काढला तो तितक्याच प्रमाणात दुसऱ्या प्लेटमध्ये घालावा. वरील तीन घटकांचे मिश्रण न दिलेल्या पेशीही सोबत ठेवाव्यात. अडथळा खरोखर कसा दिसतो हे पाहण्यासाठी लिथियम क्लोराइड हा स्वस्त नमुना आहे. ते डब्ल्यूएनटी या पेशीतील संकेतमार्गासारखा परिणाम घडवून पूर्वपेशीला मेदपेशी होऊ देत नाही. तुलनेसाठी तेवढ्याच मात्रेत सोडियम क्लोराइडही वापरावे.

दुसऱ्या दिवशी पेशी मोजाव्यात आणि एमटीटी चाचणीने त्या जिवंत आहेत का ते पाहावे. इथे संख्या घटलेली असेल तर पुढच्या रंगावर फारसे विसंबता येणार नाही. आरएनए चौथ्या तासाला, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी काढून अनुक्रमे सीईबीपी-बीटा, पीपीएआर-गॅमा, सीईबीपी-अल्फा आणि एफएबीपी-४ (पक्व मेदपेशीची खूण मानले जाणारे प्रथिन) यांची पातळी बघावी. शेवटी फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करून त्याच दिवशी गाळलेल्या ऑइल रेड ओ या मेद रंगवणाऱ्या रंगाने रंगवाव्यात, पाण्याने धुवाव्यात, छायाचित्र घ्यावे आणि मग शुद्ध आयसोप्रोपेनॉलने रंग काढून सुमारे ५०० नॅनोमीटरवर शोषण मोजावे.

निष्कर्ष लिहिताना या मोजमापांची सांगड घालावी. आरंभीच्या गटात पीपीएआर-गॅमा घटला आणि पेशी जिवंत असतील, तर अर्क पेशी घडण्यात अडथळा आणतो असे म्हणता येईल. पीपीएआर-गॅमा आणि एफएबीपी-४ नेहमीसारखे असून रंगच कमी असेल, तर अडथळा मेद तयार होण्यात आहे. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल सायट्रेटपासून अॅसिटिल-कोएन्झाइम-ए (मेद बनवण्याचा कच्चा माल) बनवणाऱ्या एटीपी-सायट्रेट लायेझ या विकराला रोखत असल्यामुळे हा निकाल भिरंडाबाबत अधिक संभवनीय वाटतो. दुसऱ्या गटात, म्हणजे पेशी घडून झाल्यावर अर्क देऊनही रंग घटला, तर या अर्थाला आधार मिळतो. निकाल कोणताही असो, तो माणसाच्या वजनावर लागू करू नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रौढ माणसाच्या मेदपेशींची संख्या बरीच स्थिर असते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी नव्याने बदलतात; प्रौढपणी वजन वाढते-घटते तेव्हा बहुतांशी पेशींचा आकार बदलतो. म्हणून अहवालात ‘उंदराच्या ३टी३-एल१ पेशींमध्ये, अर्काच्या या मात्रेत, या दिवसांत’ एवढी मर्यादा प्रत्येक विधानाला जोडावी.