कालनिर्णयाच्या पानांवरचं पहिलं महायुद्ध

यूपीएससीचा पहिला प्रयत्न. वैकल्पिक विषय इतिहास, माध्यम मराठी. सराव परीक्षेत 'पहिल्या महायुद्धाची कारणे स्पष्ट करा' हा प्रश्न आला आणि मी मनातल्या मनात खूश झालो. आठ मुद्दे तोंडपाठ होते. साम्राज्यवाद, लष्करवाद, उग्र राष्ट्रवाद, गुप्त करार, आल्सेस-लॉरेन (जर्मनीनं फ्रान्सकडून घेतलेला प्रदेश), बाल्कनचा तंटा, वृत्तपत्रांची भडक भूमिका आणि शेवटी पट्टीनं अधोरेखित केलेलं 'तात्कालिक कारण'. पेपर परत आला तेव्हा पंधरापैकी चार गुण होते. समासात लाल पेनानं एकच ओळ होती: "ही सगळी कारणं १९११ सालीही होती. मग तेव्हा युद्ध का नाही झालं?"

आधी राग आला. नोट्स क्लासच्याच होत्या, मी फक्त छान अक्षरात उतरवल्या होत्या. रात्री दिवा घालवल्यावर मात्र कबूल करावं लागलं, की या प्रश्नाचं उत्तर आपल्याला खरोखरच माहीत नाही. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरसाठी, नेट-सेटसाठी किंवा एम.ए.साठी जे कोणी आता महायुद्ध वाचायला घेताहेत, त्यांना त्या लाल ओळीचं पुढं काय झालं ते सांगतो.

आमच्या खोलीत दाराच्या मागे २०१५ चं कालनिर्णय लटकत होतं. वर्ष उलटलं तरी ते कुणी काढलं नव्हतं, कारण त्यावर दुधाचा हिशोब होता आणि एक रूममेट त्याच्या वाटणीचे पैसे न देताच निघून गेला होता. १९१४ आणि २०१५ या दोन वर्षांचे वार तंतोतंत जुळतात, हे मला असंच चाळताना कळलं. ऑस्ट्रियाच्या वारसाचा साराजेव्हो शहरात खून झाला, ज्यातून युद्ध सुरू झालं, तो २८ जून रविवार होता, आणि भिंतीवरही २८ जूनला रविवारच. (तिथी अर्थातच जुळत नाहीत, ते सोडा.) जून, जुलै, ऑगस्टची पानं काढून टेबलासमोर चिकटवली. २८ जून ते ४ ऑगस्ट, अडतीस चौकोन. प्रत्येकात बारीक अक्षरात दोनच गोष्टी लिहायच्या: त्या दिवशी कोणी काय ठरवलं, आणि 'नको' म्हणायची संधी कोणाच्या हातात होती. २३ जुलैच्या चौकोनात 'दीड लिटर' होतं, त्याच्या शेजारी 'सर्बियाला निर्वाणीचा खलिता, मुदत ४८ तास' असं आलं.

पहिला चौकोन भरायला सोपा. ऑस्ट्रिया-हंगेरीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांच्यावर सकाळी एकानं बॉम्ब टाकला, तो मागच्या गाडीखाली फुटला. जखमींना भेटायला जायचं म्हणून मार्ग बदलायचं ठरलं, पण ते गाडी चालवणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. तो आधीच्या ठरलेल्या रस्त्याला वळला, ओरड झाल्यावर गाडी थांबली, आणि नेमका तिथे गावरिलो प्रिन्सिप हा बॉस्नियातला सर्ब तरुण उभा होता. त्यानं दोघांनाही गोळ्या घातल्या. वय १९. विशीच्या आत असल्यामुळे कायद्यानं त्याला फाशी देता येईना. १९१८ च्या एप्रिलमध्ये तो कैदेतच क्षयानं मेला. यूट्यूबवर तो सँडविच खायला थांबला होता असं सांगतात, त्याला पुरावा नाही. उत्तरात लिहू नका.

खरी गंमत पुढच्या चौकोनांत आहे. ते जवळजवळ रिकामे राहतात. खून २८ जूनला आणि खलिता २३ जुलैला. मधले साडेतीन आठवडे काय चाललं होतं? 'तात्कालिक कारण' असं एका ओळीत लिहिलं की हे साडेतीन आठवडे गिळले जातात, आणि प्रश्नाचं उत्तर तर तिथेच आहे. ५ जुलैला जर्मन कैसर (सम्राट) विल्हेल्मनं ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा कोरा चेक दिला. पण हंगेरीचा पंतप्रधान टिसा जुलैच्या मध्यापर्यंत युद्धाला राजी नव्हता. ऑस्ट्रियाचे बरेच शिपाई सुगीच्या रजेवर घरी गेलेले. शिवाय फ्रान्सचा अध्यक्ष प्वांकारे त्या दिवसांत मित्रराष्ट्र रशियाच्या भेटीवर होता. तो तिथून निघेपर्यंत खलिता द्यायचा नाही असं ठरलं, म्हणजे दोघांना समोरासमोर बसून खलबत करता येऊ नये. सुगीची रजा वाचली तेव्हा मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडेही ज्वारी काढायच्या दिवसांत लग्नं थांबतात, तिकडे युद्ध थांबलं होतं.

मग चौकोन एकदम गच्च होतात. २५ जुलैला सर्बियानं जवळपास सगळ्या अटी मान्य केल्या. २८ जुलैच्या सकाळी ते उत्तर वाचून खुद्द कैसरनं लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरत नाही. आणि त्याच २८ जुलैला ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं. या दोन गोष्टी एकाच चौकोनात लिहिताना जागा पुरत नाही, पण त्या एकाच चौकोनात यायला हव्यात. सर्बियाचा पाठीराखा होता रशिया. २९ च्या रात्री रशियाच्या झारनं सैन्याच्या सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर मागे घेतला, आणि ३० तारखेला मंत्री-सेनापतींच्या आग्रहाखातर पुन्हा दिला. तारांखाली दोघांच्या सह्या घरच्या नावांनी, 'विली' आणि 'निकी'. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज कैसरचा मामेभाऊ आणि झारचा मावसभाऊ. मराठी वाचकाला याला भाऊबंदकी म्हणायचा मोह होतो. पण जपून. भावांचं आपसात बरंच बरं होतं. तारा मुदतीत पोचत होत्या. अडत होतं ते रेल्वेच्या वेळापत्रकावर.

हे वेळापत्रक नीट समजलं की अर्धं युद्ध समजलं. जर्मनीच्या एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया. रशिया अवाढव्य, त्याचं सैन्य गोळा व्हायला वेळ लागणार. म्हणून जर्मन योजना अशी, की आधी बेल्जियममधून घुसून सुमारे सहा आठवड्यांत फ्रान्स आडवा करायचा, मग आगगाड्या पूर्वेकडे वळवायच्या. याचा अर्थ, रशियानं नुसती जमवाजमव सुरू केली तरी जर्मनीचं घड्याळ सुरू होतं, आणि भांडण बाल्कनचं असलं तरी पहिला घाव पडतो तो बेल्जियमवर. १ ऑगस्टला कैसरला क्षणभर वाटलं की ब्रिटन आणि फ्रान्स बाहेर राहतील, तेव्हा त्यानं सेनापती मोल्टकेला सगळं सैन्य पूर्वेकडे न्यायला सांगितलं. मोल्टके म्हणाला, ते आता शक्य नाही. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिलेला ब्रिटन युद्धात.

आता त्या लाल ओळीकडे. १९११ साली मोरोक्कोच्या अगादिर बंदरात जर्मन युद्धनौका आली तेव्हाही करार होते, आरमारी चढाओढ होती, वृत्तपत्रं होती. पण मोरोक्कोशी ऑस्ट्रियाचं देणंघेणं नव्हतं आणि फ्रेंच काँगोचा तुकडा घेऊन जर्मनीला मागे सरता आलं. १९०८ साली ऑस्ट्रियानं बॉस्निया गिळला तेव्हा रशिया जपानकडून हरून खिळखिळा झालेला. त्यानं अपमान गिळला. १९१४ साली गिळणारं कोणी उरलं नव्हतं. रशियाला दुसऱ्यांदा माघार घ्यायची नव्हती, ऑस्ट्रिया स्वतःच फिर्यादी होता, आणि जर्मनीला भरवशाचा असा तो एकच मित्र होता. म्हणजे आठ मुद्दे खोटे नाहीत. ते सरपण आहे. पण चूल कोणी, कधी आणि कशी पेटवली हे सरपणाची यादी वाचून कळत नाही.

युद्धाच्या वाटचालीसाठी मी दुसरी चूक केली, ती म्हणजे लढायांचा तक्ता. बत्तीस लढाया, तारखा, सेनापती. त्यातला निम्मा दोन आठवड्यांत विसरलो. त्याऐवजी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत १९१४ चा युरोप हातानं काढायला लागलो. नकाशा तेव्हाचाच हवा: पोलंड नाही, चेकोस्लोव्हाकिया नाही, उस्मानी साम्राज्य थेट बसऱ्यापर्यंत. पहिले काही दिवस इटलीचा बूट आणि बाकी सगळा बटाटा निघतो, हरकत नाही. त्यावर चारच वळणं खुणवायची. सप्टेंबर १९१४, मार्न नदी: सहा आठवड्यांची योजना फसली आणि खंदक खणले गेले. १९१६: व्हर्दून आणि सोम, म्हणजे खंदक फोडता येत नाहीत हे सिद्ध करायला दिलेली किंमत. सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिश सैन्यातले १९,२४० जण मेले. १९१७: फेब्रुवारीत जर्मनीनं पाणबुड्यांवरचे निर्बंध उठवले, एप्रिलमध्ये अमेरिका उतरली, आणि रशियात दोन क्रांत्या. १९१८: मार्चमध्ये रशियाशी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह करून जर्मनीनं पश्चिमेला शेवटचा जोर लावला, तो जुलैपर्यंत ओसरला.

पाचवी गोष्ट नकाशावर दिसत नाही, ती म्हणजे पोट. ब्रिटिश आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली होती. १९१६-१७ च्या थंडीत बटाटेही गेले आणि जर्मन लोक गुरांना घालायच्या सलगमावर दिवस काढू लागले. १९१८ साली जर्मन सैन्य परक्या भूमीवर उभं असूनही देश का कोसळला, हे लढायांच्या तक्त्यातून कधीच सांगता येणार नाही.

मराठी माध्यमवाल्यांसाठी एक. एकाच नावाची तीन रूपं तुम्हाला तीन पुस्तकांत मिळतील: साराजेव्हो, सारायेव्हो, सेराजेव्हो. एक धरा आणि पेपरभर तेच वापरा. तपासणारा उच्चारावर गुण कापत नाही, धरसोडीवर मात्र त्याचा विश्वास उडतो. पारिभाषिक शब्दांनाही बिचकू नका. 'सर्वंकष सैन्यसंघटन' असं काहीतरी जड लिहिण्यापेक्षा 'जमवाजमव' पुरतं.

२०१५ च्या मुख्य परीक्षेत विचारलं होतं, की दोन्ही महायुद्धांना जर्मनीला कितपत जबाबदार धरता येईल. हा 'कितपत' शब्द वाचायला शिका. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमानं जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली. पुढे सगळेच घसरत युद्धात गेले असं म्हणायची रीत पडली. १९६१ साली फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानंच कागदपत्रं काढून दाखवलं, की जर्मनीची विस्ताराची उद्दिष्टं खरोखर होती, आणि जर्मनीत मोठा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर कोरा चेक देणारा आणि तो वटवणारा, दोघंही व्हिएन्ना-बर्लिनमध्ये बसले होते. बाकीच्यांचा दोष त्याहून कमी, पण शून्य नाही. तुमचं मत वेगळं असू द्या. अडीचशे शब्दांत ते दिसलं पाहिजे, आणि त्याच्या खाली चौकोनातली दोन तारखेची वाक्यं उभी राहिली पाहिजेत. पुढच्या वेळी त्याच सरांकडून मला नऊ मिळाले. माझं नाव शेवटच्या यादीत कधी आलं नाही, ते वेगळ्या पेपरमुळे. सध्या शिकवतो.

भारताचा भाग शेवटी दोन ओळींत उरकायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. मीही तेच करायचो. सुमारे १३ लाख भारतीय युद्धात गेले, ७४,००० हून अधिक मेले, हळूहळू स्वशासन देण्याचं आश्वासन देणारी १९१७ ची माँटेग्यू घोषणा, संपलं. यातलं बरंच आपल्या दारातलं आहे. टिळक मंडालेहून सुटून १६ जून १९१४ ला परतले, साराजेव्होच्या बाराच दिवस आधी. ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारला साहाय्य करायची भूमिका जाहीर केली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना स्वराज्यावर बोलू दिलं नाही आणि ते उठून निघून गेले. या दोन टोकांमधल्या चार वर्षांवर एक पूर्ण उत्तर होतं.

आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत-अल-अरब नदीच्या मुखाशी उतरली ती सहावी पूना डिव्हिजन. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होतं आणि इराणमधला अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना राखायचा होता. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेनं धावता धावता हीच डिव्हिजन मागे रेटली गेली आणि कुत-अल-अमारामध्ये जवळजवळ पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकली. खाणं संपलं तेव्हा घोडे कापायला घेतले. अनेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस तोंडात घेतलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातले कितीतरी वाटेतच गेले. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर घरात राहिला.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. सातारा जिल्ह्यात अशा बऱ्याच गावांत दिसतात. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर. लहानपणापासून मला वाटायचं की '१९१९' ही कोरणाऱ्याची चूक. ११ नोव्हेंबर १९१८ ला फक्त शस्त्रसंधी झाली आणि जर्मनीशी तह झाला तो २८ जून १९१९ ला, खुनाच्या बरोबर पाच वर्षांनी, हे समजायला मला वयाची पंचविशी लागली. मेलेल्यांच्या आकड्यावर चावडी रंगवणाऱ्याच्या ब्रशचा फराटा आलाय, एक अंक वाचता येत नाही.

पाटीवर नाव एकाचंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा. आजीच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ त्या आकड्यात आहेत. घरात त्यांना सगळे 'बसऱ्याचे आबा' म्हणत. खरं नाव काय होतं, असं मी आजीला विचारलं, तर ती बराच वेळ आठवत बसली.