उंचीनुसार बदलणारी रानफुलं: अभ्यासाला निघण्याआधी या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मुंबईतल्या कॉलेजांची मुलं रविवारी पहाटेच्या लोकलने घाटाकडे निघतात. पायथ्याशी झाडं मोजतात, माथ्यावर मोजतात आणि दिवाळीनंतर प्रोजेक्टमध्ये लिहितात, "उंचीनुसार फुलांत जनुकीय फरक आढळला." दरवर्षी हेच वाक्य वाचून मला त्रास होतो, कारण हातात असते फक्त मोजपट्टी, आणि मोजपट्टीने जनुकं मोजता येत नाहीत.

डोंगरावर मोजलं आणि निकाल लावला

ही चूक सगळ्यांत जास्त होते. नाणेघाटाच्या एका गटाची गोष्ट सांगते. खाली वैशाखऱ्याच्या वाटेवर तेरडा कमरेला लागत होता, वर पठारावर जेमतेम वीतभर. गटातला म्होरक्या मला म्हणाला, "ताई, वरची जातच बुटकी आहे, पक्कं." निष्कर्ष लिहूनही झाला होता. मी म्हटलं, दोन्हीकडचं बी आणा, एकाच जागी वाढवू; तिथेही फरक टिकला तर जनुकांचं बोलू.

तेरड्याचं बी धरणं सोपं नाही. फुगलेल्या लवदार बोंडाला बोट लागलं की ते फुटतं, त्याच्या सालीचे भाग गुंडाळले जातात आणि बिया उडतात. म्हणून बोंड हिरवं असतानाच मी त्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधून ठेवते. या मुलांनीही तसंच केलं. पुढच्या जूनमध्ये मुलुंडला आमच्या गच्चीवर, एकाच ढिगातली माती भरलेल्या सारख्या पिशव्यांत दोन्हीकडचं बी पेरलं.

पहिल्या पंधरवड्यात पायथ्याची रोपं ठसठशीत दिसली. पोरं खूश. गौरी येईपर्यंत मात्र वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येईना. सुरुवातीचा फरक बियांच्या वजनाचा होता. खालच्या आईला भरपूर माती मिळाली होती, तिचं बी टपोरं होतं आणि रोपाला पहिले काही दिवस ती शिदोरी पुरली. म्हणून मी गच्चीवर वाढलेल्या झाडांचं बी धरून पुन्हा पेरते आणि मोजमाप त्या दुसऱ्या पिढीचं करते. "आणखी एक वर्ष?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: वर्ष नसेल तर "आकार बदलतो, कारण तपासलेलं नाही" एवढंच लिहा. ते खरं आहे आणि मला पुरेसं आहे.

याच गटाने पायथ्याच्या सगळ्या पिशव्या टाकीच्या सावलीत आणि माथ्याच्या सगळ्या कठड्याला उन्हात मांडल्या होत्या. मी त्या पहिल्याच दिवशी हलवायला लावल्या. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा आणि दर रविवारी पिशव्या फिरवा.

याचा अर्थ जनुकीय फरक नसतोच, असा नाही. स्वीडनमध्ये ट्युरेसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या ठिकाणची झाडं एकाच बागेत वाढवली. काही फरक तिथेही टिकले आणि १९२२ साली त्याने अशा प्रकारांना इकोटाइप हे नाव दिलं. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हायसी या संशोधकांनी तर एकाच झाडाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, १,४०० मीटरवर आणि ३,०५० मीटरवर लावले. किनाऱ्याकडची झाडं सगळ्यांत वरच्या बागेत तग धरू शकली नाहीत. हे कळायला त्यांना वर्षानुवर्षं बागा सांभाळाव्या लागल्या.

सह्याद्रीत उंचीबरोबर मातीही बदलते

ही माझी दुसरी दुखरी नस. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्याकडे पायथ्याला बहुधा झाडीतली खोल माती असते आणि माथ्यावर उघडा कातळ, त्यावर बोटभर माती, शिवाय दिवसभर वारा. मग झाड बुटकं राहिलं ते थंडीने, वाऱ्याने की उपाशी मुळांमुळे? दोनच ठिकाणं पाहून हे कुणालाही सांगता येणार नाही.

मी कातळाची तुलना कातळाशीच करते. कासचं पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे आणि रत्नागिरीकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, त्याहून कितीतरी खाली, समुद्राजवळ. दोन्हीकडे पावसाळी फुलं येतात. दोन्ही सड्यांवर भेटणारं एखादं फूल निवडा. आणि एकाच डोंगरावर थांबू नका. एका डोंगराचा पायथा आणि माथा ही कितीही झाडं मोजली तरी एकच जोडी असते. निदान तीन वेगळे डोंगर घ्या, नाहीतर उंचीचा परिणाम कुठला आणि नुसत्या अंतराचा कुठला, हे उलगडत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

मोबाइल दाखवतो त्या उंचीवर विसंबू नका. मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या समोच्च रेषांशी ताडून पाहते.

खालची फुलं ऑगस्टमध्ये आणि वरची सप्टेंबरअखेर मोजू नका. फूल उमलल्याच्या पहिल्याच दिवशी मोजा, दोन्हीकडे.

एकाच ताटव्यातली शेजारशेजारची झाडं घेऊ नका, ती बहुतेक भावंडं असतात. कंदाने पसरणाऱ्या रानहळदीसारख्या झाडांत तर दहा नमुने म्हणजे एकच झाड निघू शकतं. मी दोन नमुन्यांत निदान दहा पावलं सोडते.

डीएनएची घाई नको. नेहमीचे तटस्थ मार्कर, म्हणजे झाडाच्या रूपावर परिणाम न करणाऱ्या डीएनएच्या खुणा, दोन ठिकाणच्या झाडांत जनुकांची देवाणघेवाण किती झाली ते सांगतात. बुटकेपणा उंचीशी जुळवून घेण्यातून आला का, ते नाही. बी पेरण्याआधी सीक्वेन्सिंगवर, म्हणजे डीएनए वाचून घेण्यावर, पैसे घालवणारे पाहिले की जीव तुटतो.

कारवी प्रोजेक्टला घेऊ नका. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तुमचा अभ्यासक्रम त्याआधी संपतो.

डीएनएसाठी पानं घ्यायचीच असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. दादरला उतरेपर्यंत ती घामेजून काळी पडतात. कागदी पाकिटात पानाचा छोटा तुकडा ठेवा आणि ते पाकीट पानाच्या दहापट तरी वजनाच्या सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, पुरा. रंग बदलणारे थोडे दाणे त्यात मिसळा. रंग पालटला की त्याच रात्री जेल बदला, सकाळवर ढकलू नका.