धोकादायक चौकाची तक्रार: कोणतं काम कोणत्या खात्याचं

अपघात होणाऱ्या चौकाबद्दल ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असा एकच अर्ज सगळीकडे पाठवला की प्रत्येक खातं तो दुसऱ्याकडे ढकलतं. त्यांचंही अगदीच खोटं नसतं. एकाच चौकात डांबर एकाचं, सिग्नलचा वेळ दुसऱ्याचा आणि ओव्हरलोड ट्रक तिसऱ्याचा.

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते काढा. महाराष्ट्रात शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचाही निघतो. तोंडी उत्तर मिळेना, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो. त्याच अर्जात ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर असण्याची मुदत, कधी संपतो तेही विचारा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते आणि ‘निधी नाही’ ही सबब उरत नाही.

मग चौकाचे तुकडे पाडा. खड्डे, खचलेली झाकणं, दुभाजक, झेब्रा पट्टे यांची तक्रार रस्त्याच्या मालकाकडे, म्हणजे महापालिकेच्या रस्त्यासाठी पथ विभागाकडे. बंद पथदिवे विद्युत विभागाकडे, खांबाच्या क्रमांकासह. वाहनाची योग्यता, जादा भार हे आरटीओचं काम. खरा घोळ सिग्नलवर होतो: तो बसवते आणि दुरुस्त करते साधारणपणे महापालिका, पण वेळ ठरवतात वाहतूक पोलीस. म्हणून ‘सिग्नल नीट नाही’ असं लिहू नका. दिवा लागत नाही, की पादचाऱ्यांना हिरवा पुरत नाही, ते स्पष्ट लिहा. नो पार्किंगचंही तसंच: फलक महापालिका लावते, पण आधी पोलिसांची अधिसूचना हवी, नाहीतर कारवाई टिकत नाही.

गतिरोधक मागण्याची घाई नको. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला ताशी 25 किमीसाठीचा गोलाकार गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, शिवाय आधी सूचनाफलक लागतो. रातोरात टाकलेला अरुंद, उंच उंचवटा दुचाकीस्वारालाच पाडतो. अर्जात उपाय सुचवण्यापेक्षा दोष लिहा: कोणत्या दिशेने, किती वाजता, काय घडतं. सोबत दिवसाचे आणि रात्रीचे फोटो.

पोलीस ठाण्यातून तीन वर्षांच्या अपघातांची आकडेवारी मागा. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट (अपघातप्रवण ठिकाण) ठरतो. नोंद न झालेले अपघात यात धरले जात नाहीत. आपसात मिटवलेल्या अपघातांमुळे चौक कागदावर सुरक्षितच राहतो.

दोन-तीन खात्यांचं काम एकमेकांत अडकलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. संयुक्त पाहणी मागा आणि इतिवृत्तात खातेनिहाय मुदत लिहून घ्या. अर्जात मोटार वाहन कायद्याचं कलम 198अ नमूद करा: रस्त्याच्या रचनेची किंवा देखभालीची मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येक अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तो धोका आधी कळवलेला होता, याचा तोच पुरावा.