पेटंटचा अर्ज करताय? या चुका टाळा

माझ्या टेबलावर आजवर बरंच काही येऊन गेलंय. कांद्याची पात कापायचं यंत्र, हाडाला भोक पाडताना ड्रिल सरकू नये म्हणून केलेली पट्टी, द्राक्षबागेत पुरायचा सेन्सर, लेथचे चक, म्हणजे फिरणारं काम पकडून ठेवणारे पंजे, तर ढिगाने. आणणारा नाशिकच्या सातपूरचा असो की गंगापूर रोडचा, वाक्य एकच असतं, "सर, याचं पेटंट करून द्या." मी वस्तू हातात घेत नाही. आधी विचारतो, "हे आतापर्यंत कुणाकुणाला दाखवलंय?"

बऱ्याच जणांचा चेहरा इथेच उतरतो. का उतरतो ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण एकदा माझाही उतरला होता.

आधी दाखवलं, मग अर्ज केला

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये होतो. पातळ नळ्या तीन जॉच्या चकमध्ये धरल्या की चेपायच्या. टर्निंग झाल्यावर गोल दिसायच्या आणि चक सैल केला की तीन बाजूंनी फुगायच्या. त्यावर मी एक फिक्श्चर, म्हणजे नळी न चेपता धरणारं साधन, केलं, ते चाललंही. आनंदाच्या भरात एका प्रदर्शनात स्टॉलवर मांडलं, व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला आणि सात महिन्यांनी पेटंटचा अर्ज केला. पुढे तपासणीचा पहिला अहवाल आला. या धंद्यात त्याला सगळे एफईआर म्हणतात. त्यात माझ्या अर्जाविरुद्ध पहिला पुरावा कोणता, तर माझाच व्हिडिओ. तारखेसकट. स्टॉलवर मी हातवारे करून जे समजावून सांगत होतो, ते परीक्षकाने मुद्देसूद उतरवून घेतलं होतं.

अर्जाच्या तारखेआधी जे लोकांसमोर आलं ते नवं नाही, मग ते समोर आणणारा खुद्द संशोधक का असेना. कायद्यात थोड्या पळवाटा आहेत, पण अरुंद. प्रदर्शनाची सवलत आहे, मात्र ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं हवं आणि अर्ज १२ महिन्यांच्या आत यायला हवा. आपल्याकडच्या औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल लावण्याआधी आयोजकांना हे स्पष्ट विचारा. कॉलेजच्या सेमिनारमध्ये वाचलेला पेपर, लिंक्डइनवरची पोस्ट, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ड्रॉइंग, या सगळ्यांतून माहिती फुटू शकते.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपल्या पाऱ्याच्या कोहिररची, म्हणजे रेडिओ लहरी ओळखणाऱ्या साधनाची, माहिती पेटंट न घेता मांडली. पुढे मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी त्याच कामाच्या गॅलेना (शिशाचं खनिज) डिटेक्टरचा अर्ज अमेरिकेत केला, १९०१ मध्ये, आणि २९ मार्च १९०४ रोजी त्यांना ७,५५,८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं. ज्ञान विकायचं नाही ही त्यांची भूमिका होती, ते सगळं समजून-उमजून करत होते. आपण स्टॉलवरच्या चहाच्या नादात करतो.

आधीच दाखवून बसला असाल तर हातपाय गाळू नका. चार गोष्टी तपासा. ज्याला सांगितलं त्याच्याशी गोपनीयतेचा करार होता का? असेल तर ते जाहीर झालं असं धरत नाहीत. व्हिडिओत नेमकं काय दिसतं? बाहेरचं कव्हर दिसलं आणि आतली यंत्रणा दिसली नाही, तर भांडायला जागा उरते. दाखवल्यानंतर त्यात काही सुधारणा केलीत का? तेवढ्या सुधारणेचा अर्ज करता येतो, फक्त तुमचाच जुना नमुना आता तिच्यासमोर उभा राहणार. आणि चौथी, अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला एक वर्षाची सवलत आहे. मात्र इथे राहणाऱ्याने थेट परदेशात अर्ज करायचा नसतो. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यायची. न्यू जर्सीतला मावसभाऊ "मी इथून टाकून देतो" म्हणाला म्हणून हे टाळू नका, पेटंट कायद्याचं कलम ३९ मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे.

पैसे नव्हते म्हणून थांबलो, असं पुष्कळ जण सांगतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत (क्लेम म्हणजे हक्क सांगणारी क्रमांकित वाक्यं). काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाका, पूर्ण स्पेसिफिकेशनला (सविस्तर वर्णनाला) १२ महिने मिळतात. पण प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळींची चिठ्ठी नव्हे. त्यात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

"गुगलवर टाकलं, काहीच नाही दिसलं"

दिसणार कसं? तुम्ही "बेस्ट चक फॉर थिन पाइप" टाकलंत. पेटंट लिहिणारा पाइपला पाइप म्हणत नाही, तो "लांबट पोकळ वर्कपीस" म्हणतो. म्हणून शब्दांऐवजी वर्गीकरणाच्या कोडने शोधा. चक आणि मॅन्ड्रेल बी२३बी ३१ मध्ये मिळतील, शस्त्रक्रियेची साधनं ए६१बी १७ मध्ये, वायरलेस नेटवर्कचं सगळं एच०४डब्ल्यू मध्ये. एस्पेसनेट, गुगल पेटंट्स आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. चिनी कागदांचं यंत्रभाषांतर ओबडधोबड असतं, पण आकृत्यांना भाषांतर लागत नाही.

याच टप्प्यावर एक गैरसमज हमखास निघतो. "सर, अमेरिकेत आहे पण भारतात कुणी घेतलेलं नाही. मग मी घेतो." नाही घेता येत. जगात कुठेही छापलं गेलं की तुमचं नवेपण गेलं. उलट बाजूने मात्र फायदा आहे. ज्याचं पेटंट भारतात नाही किंवा संपलंय, ते तुम्ही इथे बिनघोर बनवू शकता. पेटंट मिळणार नाही, पण धंदा होईल. काही जणांना मी एवढं सांगूनच परत पाठवलंय.

आपल्या नाशिकच्या द्राक्षांना "पेटंट मिळालं" असंही लोक बोलतात. ते भौगोलिक मानांकन आहे, त्याचा या फाइलशी संबंध नाही. नवेपण फक्त आकारात किंवा दिसण्यात असेल तर डिझाइन नोंदणी बघा, पण तीही दाखवण्याआधी.

क्लेम लिहिताना होणारी गोची

खरं नुकसान इथे होतं. सर्टिफिकेट हातात असूनही शेजारी तोच माल बनवतो आणि काही करता येत नाही, असं झालं की समजायचं, क्लेम कच्चे आहेत. पेटंटमधली चित्रं आणि वर्णन समजण्यासाठी असतं, हक्क असतो तो शेवटच्या त्या क्रमांक दिलेल्या वाक्यांवर.

पहिली अडचण, सुधारणा आहे पण संशोधन नाही. १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल प्रत्येक वर्कशॉपवाल्याने समजून घ्यावा. वाद होता भांडी लेथवर धरून फिरवण्याच्या साधनाचा. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की आधीच माहीत असलेल्या गोष्टीत कुशल कारागीर सहज करेल एवढीच सुधारणा केली तर ते पेटंटयोग्य संशोधन होत नाही. पेटंट रद्द झालं. भांडी घडवणाऱ्या आपल्या तांबट लेनमध्ये बसून विचार केला तर हे लगेच पटतं. तिथला मुरलेला हात अशा चार क्लृप्त्या रोज करतो. मग तुमच्या क्लृप्तीत वेगळं काय? उत्तर साधारण असं हवं: "सगळे दाब वाढवत होते, मी कमी केला, आणि तरी पकड सुटली नाही." जाणकाराने ज्या दिशेला पाहिलंच नसतं तिथे तुम्ही गेलात, हे मोजमापांनी दाखवा. काठीला टॉर्च बसवली, वर घंटी लावली, असा संच कलम ३(एफ) मध्ये अडकतो, कारण टॉर्च टॉर्चचं काम करते आणि घंटी घंटीचं.

दुसरी अडचण, क्लेम फार अरुंद. "१२ मिमीचा एसएस ३०४ चा बोल्ट" असं लिहिलंत की समोरचा १० मिमीचा माइल्ड स्टीलचा बोल्ट लावून मोकळा. जेम्स वॉटची गोष्ट इथे चपखल बसते. १७८० मध्ये जेम्स पिकार्डने वाफेच्या इंजिनात क्रँक, म्हणजे मागे-पुढे हालचाल गोल फिरवणारा दांडा, वापरण्याचं पेटंट घेतलं. वॉटने वाद घातला नाही, क्रँकऐवजी सूर्य-ग्रह दातेरी चक्रांची योजना बसवली आणि इंजिन फिरवलं. म्हणून मसुदा झाला की तो अंबडच्या तुमच्या सगळ्यात चलाख स्पर्धकाच्या डोक्याने वाचा. तो कुठला भाग बदलेल? बजाज आणि टीव्हीएस यांच्यातला दोन स्पार्क प्लगचा गाजलेला वाद आठवा, तिथे क्लेममधल्या इंजिनाला व्हॉल्व्ह दोन आणि समोरच्या गाडीला तीन, यावर चेन्नईत वकिलांनी किती घाम गाळला! हे प्रकरण अखेर २०१९ मध्ये तडजोडीने मिटलं.

क्लेम चुकले हे अर्जानंतर लक्षात आलं तर? कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. मूळ कागदात नसलेली गोष्ट कलम ५९ नुसार आत घुसवता येत नाही. सुधारणा खरोखर नवी असेल तर मूळ पेटंटला जोडून "पेटंट ऑफ ॲडिशन" घ्या, त्याला वेगळी वार्षिक फी नसते.

डॉक्टर आणि कोडवाले

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये असल्यामुळे म्हणा किंवा इथल्या हॉस्पिटलांमुळे म्हणा, डॉक्टर बरेच येतात. त्यांची चूक ठरलेली. ते कृती लिहितात: "प्रथम पट्टी हाडावर ठेवावी, मग अमुक कोनात ड्रिल करावं..." माणसावर उपचार किंवा निदान करण्याच्या प्रक्रियेला कलम ३(आय) नुसार भारतात पेटंट नाही. साधनाला आहे. तेव्हा पट्टी लिहा: तिचा बाक, भोकांचे कोन, हाडाला टेकणारी कड. कृती वर्णनात राहू द्या, क्लेममध्ये नको.

कोडवाल्यांचं कलम ३(के). नुसता संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम चालत नाही, तांत्रिक परिणाम दाखवावा लागतो. समजा, द्राक्षबागेतल्या सेन्सरची फाइल आहे. पहिली तेरा पानं "मोबाइलवरून मोटर चालू-बंद" यावर, जे आता दिंडोरीतला शेतकरीही वापरतो. चौदाव्या पानावर एक ओळ: ओल्या दाट पानांत रेडिओ सिग्नल क्षीण होतो, म्हणून सेन्सरचा नोड (बागेतलं एकेक यंत्र) पानांचा ओलावा मोजून पाठवण्याची वेळ आणि शक्ती बदलतो. अहो, हेच तर तुमचं पेटंट! तेरा पानं काढा, ही ओळ पहिल्या क्लेममध्ये आणा.

आणि सगळ्यांसाठीच एक गोष्ट: संशोधक म्हणून मालकाचं नाव टाकू नका. ज्या ऑपरेटरने डोकं लढवलं त्याचं नाव लिहा आणि हक्क लेखी करारानं कंपनीकडे घ्या. खोटं नाव पुढे विरोध अर्जात बाहेर येतं.

तारखा चुकल्या तर

नाशिकचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, अँटॉप हिलला, जातात. सगळा पत्रव्यवहार ईमेलवर. तिथे कॉलेज सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा ईमेल दिला असेल तर एफईआर त्याच्याकडे पडून राहतो. उत्तराला सहा महिने, मागितल्यास आणखी तीन. नंतर अर्ज सोडून दिला असं धरतात.

तपासणीची विनंती, म्हणजे फॉर्म १८, आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने आहेत, जुन्या अर्जांना ४८ होते. प्रोव्हिजनलचे १२ महिने हुकताहेत असं दिसलं तर मुदत संपण्याआधीच तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज करा. सहा महिन्यांपर्यंत ढकलता येते, पण मधल्या काळात कुणी छापलं असेल तर ते तुमच्या आधीचं ठरतं.

अर्ज नुसता दाखल असताना खोक्यावर "पेटंटेड" छापू नका. "पेटंट पेंडिंग" लिहा. खोट्या दाव्याला आता १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

सर्टिफिकेट आलं की पेढे वाटले जातात, फ्रेम होते, आणि तिथेच फसगत होते. मंजुरीला दोन वर्षांहून जास्त लागली असतील तर मागच्या वर्षांची साठलेली फी पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची असते. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला दरसाल ८०० रुपये. दोन सिनेमांच्या तिकिटांत जमेल एवढी रक्कम विसरल्यामुळे पेटंट गेलेली मी पाहिली आहेत. मुदत हुकली तर जादा शुल्क देऊन आणखी सहा महिने मिळतात. तेही गेले असतील तर इनपासवर क्रमांक टाका आणि पेटंट कोणत्या तारखेला बंद पडलं ते बघा. तिथून अठरा महिन्यांच्या आत असाल तर पेटंट पुन्हा चालू करण्याचा फॉर्म १५ भरा, आणि फी का राहिली याचे कागद, हॉस्पिटलचं बिल असो की बंद पडलेल्या ईमेलचा पुरावा, सोबत जोडा.