बाणगंगा तैलरंगात रंगवताय? पाण्यातल्या या चुका टाळा

मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्यावर बसून चित्र काढणारा नवशिका बहुतेक वेळा एकाच क्रमाने जातो. आधी देवळं, मग मागचे टॉवर, आणि खाली उरलेल्या जागेत तेच सगळं उलटं. मग ‘पाणी खोटं दिसतंय’ म्हणून तो निळा वाढवत बसतो. मीही पूर्वी तेच करायचो. दोष रंगात नसतो, रेखाटनात असतो.

प्रतिबिंब म्हणजे उलटा फोटो नव्हे. पाण्यात इमारत जणू पाण्याखालून बघितल्यासारखी दिसते, म्हणून सज्जाची आणि छपराची खालची बाजू तिथे जास्त दिसते. मापही इमारत जिथे पायरीवर टेकलेली दिसते तिथून घ्यायचं नाही. तिच्या बुडाशी, पण पाण्याच्या पातळीत, एक बिंदू कल्पून तिथून जितकं वर तितकंच खाली. मागचा टॉवर कळसाच्या वर दोन बोटं डोकावत असला, तरी पाण्यात तो देवळाआड जवळजवळ गडप होऊ शकतो. तो तिथेही दोन बोटं काढलात, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. क्षितिजरेषा आणि लोपबिंदू (समांतर रेषा दूरवर जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) मात्र वरच्या आणि खालच्या चित्राला एकच.

मोबाइलच्या फोटोवरून काढत असाल तर आणखी एक घोळ. फोन वर कलवून फोटो घेतला की टॉवर आत झुकतात आणि सावल्या काळ्याठिक्कर येतात. उभ्या रेषा पट्टी लावून सरळ करा, सावलीचा रंग जागेवर बसून टिपा.

आता छटा. साधारणपणे उजेडाचा भाग पाण्यात थोडा गडद होतो, गडद भाग थोडा उजळतो. निव्वळ पांढरा आणि निव्वळ काळा पाण्यात नकोच. आपल्या पायांजवळ आपण पाण्यात जवळजवळ सरळ खाली बघतो, म्हणून तिथे तळ्याचा हिरवट-तपकिरी रंग दिसतो आणि प्रतिबिंब फिकं पडतं. पलीकडच्या काठाशी ते ठसठशीत. हिरव्यासाठी ट्यूब उघडू नका. अल्ट्रामरीन निळ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पुरे.

प्रतिबिंब ओलं असतानाच कोरड्या रुंद ब्रशने आधी उभं खाली ओढा, मग एकदोनदा हलकेच आडवं. तिसऱ्यांदा हात गेला की चिखल झालाच. बदकं पोहत आली तर ती शेवटी. त्यांच्यामागची लाट आडव्या दोनतीन रेषांत भागते.

खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. उलटं केलंत तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर सुकण्याची घाई करूच नका. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. टिटॅनियम व्हाइट सावकाश सुकतो, अंबर (मातकट तपकिरी रंग) लवकर; म्हणून खालच्या थराला अंबर बरा. नेहमीचं शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.